डाव्या हाताची कळ

‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ हा स्वीडनमध्ये तयार झालेला छोटेखानी व्हिडिओ गेम संपवायला तीन-साडेतीन तास पुरतात. त्यात गुण मोजले जात नाहीत, घड्याळ धावत नाही आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे बजावणारी पाटीही झळकत नाही. कोडी सोपी आहेत. सराईत खेळाडूला तर ती फारच सोपी वाटतात आणि अनेकांची तशी तक्रारही असते. तरीही, सगळे राक्षस, दऱ्या आणि कडे मागे पडल्यावर, घर हाकेच्या अंतरावर आलेले असताना, पाण्याचा एक लहानसा पट्टा खेळाडूला अडवतो. पैलतीर स्पष्ट दिसत असतो, तेथवर पोहत जायचे असते आणि पडद्यावरचा मुलगा काही केल्या पाण्यात उतरत नाही.

या अडथळ्याचे उत्तर एका ओळीत सांगता येते. पण ती ओळ आधी वाचून खेळणाऱ्याच्या हातून त्या खेळातील सर्वांत मोलाची गोष्ट निसटते. त्यामुळे ज्यांना हा खेळ खेळायचा आहे आणि शेवट आधी कळू नये असे वाटते, त्यांनी हा लेख येथेच थांबवून नंतर वाचणे इष्ट. इतरांसाठी, आणि त्या काठावर आधीच येऊन थबकलेल्यांसाठी, पुढचा मजकूर.

एका खेळाडूचे दोन भाऊ

२०१३ साली प्रथम ‘एक्सबॉक्स ३६०’वर आणि पाठोपाठ प्लेस्टेशन ३ व संगणकावर आलेला हा खेळ ‘स्टारब्रीझ’ या स्वीडिश कंपनीने तयार केला आणि ‘५०५ गेम्स’ने प्रकाशित केला. स्टारब्रीझची ओळख तोवर ‘द डार्कनेस’ किंवा ‘सिंडिकेट’सारख्या गोळीबाराच्या खेळांसाठी होती. या वेळी मात्र कंपनीने दिग्दर्शनासाठी चित्रपटसृष्टीतला माणूस घेतला. बैरूतमध्ये जन्मलेले आणि बालपणीच कुटुंबासह स्वीडनमध्ये आलेले जोसेफ फारेस तेव्हा ‘जल्ला! जल्ला!’ (२०००), ‘कॉप्स’ (२००३) आणि ‘झोझो’ (२००५) या चित्रपटांमुळे परिचित होते. व्हिडिओ गेम हा त्यांचा पहिलाच प्रयत्न. २०१४ मध्ये ‘ब्रदर्स’ला ‘बाफ्टा’चा नावीन्यासाठीचा गेम पुरस्कार मिळाला. तो मिळण्यामागे जे नावीन्य होते, त्याचाच या पाण्याच्या पट्ट्याशी संबंध आहे.

कथा लोककथेच्या वळणाची आहे. आई समुद्रात बुडून गेली आहे. ती बुडाली तेव्हा धाकटा मुलगा होडीत होता, त्याने हात पुढे केला होता आणि तो हात पुरला नव्हता. खेळाची सुरुवात आईच्या थडग्याशी बसलेल्या या धाकट्यापासून होते. मग वडील आजारी पडतात, दोघे भाऊ त्यांना हातगाडीवर घालून वैद्याकडे नेतात आणि वैद्य सांगतो, की दूरदेशीच्या जीवनवृक्षाचे पाणी आणले तरच हा माणूस वाचेल. थोरला नाया आणि धाकटा नायी त्या पाण्याच्या शोधात निघतात. पात्रे बोलतात ती भाषा मुद्दाम रचलेली, जगात कोठेही न बोलली जाणारी आहे. एकही शब्द समजत नाही. जे काही कळायचे ते हातवाऱ्यांतून, आवाजाच्या चढउतारातून आणि प्रसंगातून. मराठी मुलालाही हा खेळ स्वीडिश मुलाइतकाच समजतो आणि तितकाच समजत नाही.

खेळाचे वेगळेपण नियंत्रणाच्या पद्धतीत आहे. खेळाडूच्या हातातील कंट्रोलरवर अंगठ्यांसाठी दोन स्टिक असतात आणि तर्जनीखाली येणाऱ्या दोन कळा असतात. येथे डावी स्टिक आणि डावी कळ थोरल्याची. उजवी स्टिक आणि उजवी कळ धाकट्याची. स्टिकने चालायचे आणि बाकी सगळी कामे, धरणे, ओढणे, ढकलणे, बोलणे, ही त्या एकाच कळीने करायची. दोन भाऊ एकाच वेळी, एकाच माणसाने, दोन हातांनी चालवायचे.

ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास फजितीचा जातो. तबला शिकणाऱ्याचा डग्ग्यावरचा हात सुरुवातीला उजव्या हाताची नक्कल करू लागतो, तसेच येथे होते. एकाला पुढे न्यावे तर दुसराही त्याच दिशेने झाडावर जाऊन आदळतो. थोरला पडद्याच्या उजव्या बाजूला आणि धाकटा डावीकडे गेला, की गोंधळ आणखी वाढतो, कारण डाव्या हाताचा माणूस उजवीकडे दिसत असतो. नवशिक्यांसाठी यावर साधा उपाय आहे. शक्य तेथे थोरल्याला पडद्याच्या डाव्या अंगाला ठेवावे आणि दोघे आडवे-तिडवे झाले तर थांबून पुन्हा जागेवर आणावे. घाई करण्याचे तसेही काही कारण नसते. वाटेत ठिकठिकाणी बाके आहेत. दोघांना त्यावर बसवले, की समोरची दरी नुसती पाहत राहता येते.

काही टप्प्यांत कळ दाबून धरणे, हाच सगळा खेळ असतो. एका ठिकाणी दोघांच्या कमरेला एकच दोर बांधलेला असतो आणि भिंतीला लटकून, एकाने धरून ठेवायचे नि दुसऱ्याने झोका घेऊन पुढचा आधार पकडायचा, असे पुढे सरकायचे असते. तेथे पडणाऱ्यांची चूक जवळपास नेहमी एकच असते. पुढच्याची पकड पक्की होण्याआधी मागच्याची कळ सुटते. एक हात घट्ट, एक हात मोकळा, मग अदलाबदल, हे वळण हाताला एकदा लागले की टप्पा विनासायास पार पडतो.

दोघांचे स्वभावही त्याच कळीतून कळतात. गावातल्या एखाद्या माणसापाशी नेऊन थोरल्याची कळ दाबली, तर तो कामाचे विचारतो, वाट विचारतो. धाकट्याची दाबली, तर तो काहीतरी खोडी काढतो. विहिरीपाशी नेले तर आत थुंकतो. थोरल्याच्या अंगात जोर आहे, जड दांडे तोच ओढू शकतो. धाकटा गजांमधल्या फटीतून पलीकडे सरकतो. आणि धाकट्याला पोहता येत नाही. पाणी आले, की थोरला पोहतो आणि धाकटा त्याच्या पाठीला धरून राहतो. म्हणजे खेळाडूने उजवी कळ दाबून धरायची, धाकट्याची पकड सुटू द्यायची नाही आणि दोघांना पुढे न्यायचे काम डाव्या हाताने करायचे.

खेळ ही गोष्ट कोठेही शब्दांत शिकवत नाही. ती करता करता हातात मुरते. दोन-तीन तासांनंतर कोणती कळ कोणाची, याचा विचार करावा लागत नाही. डावा हात म्हणजे थोरला, हे मनाला आठवण्याआधी बोटांना माहीत झालेले असते.

डावा हात रिकामा होतो

प्रवासाच्या उत्तरार्धात बळी दिल्या जाणाऱ्या एका मुलीला दोघे सोडवतात. ती वाटाड्या होते, थोरल्याला भुरळ घालते आणि अखेर तिचे खरे रूप, कोळिणीचे, उघड होते. त्या झुंजीत थोरल्याला वर्मी घाव लागतो. तो जीवनवृक्षापर्यंत कसाबसा पोहोचतो. धाकटा एकटा वर चढतो, पाणी घेऊन खाली येतो, तोवर भाऊ गेलेला असतो.

यानंतरचा काही मिनिटांचा भाग व्हिडिओ गेमच्या इतिहासात फार थोड्यांनी हाताळलेल्या प्रकारचा आहे. थोरल्याला मूठमाती देण्याचे काम खेळ स्वतः करून दाखवत नाही. ते खेळाडूकडून करवून घेतो. भावाचा देह खड्ड्यापर्यंत ओढत न्यायचा, मग माती लोटायची. सगळे एकट्या उजव्या हाताने. डावी स्टिक हलवून पाहिली तर काहीच होत नाही. बहुतेक खेळाडू ती एकदा तरी हलवून पाहतात. तीन तास सतत गुंतलेला अर्धा कंट्रोलर आता नुसता हातात धरलेला असतो. संगीत, चित्र, अभिनय यांपैकी कशातूनही न मिळणारी उणीव ही जाणीव तळहातावर आणून ठेवते.

मग परतीचा प्रवास, पाऊस, गावाजवळचा किनारा आणि ते पाणी.

धाकट्याला पाण्याकडे नेले तर तो काठाशी अडखळतो, मागे सरतो. त्याच्या मनात काय आहे, हे खेळाडूला ठाऊक असते. आई याच्या डोळ्यांदेखत बुडाली, आणि ज्याच्या पाठीवर बसून पाणी ओलांडले तो आता नाही. लिखित सूचना येत नाही. कोपऱ्यात चिन्ह उमटत नाही. उजवी स्टिक पुढे रेटून, उजवी कळ दाबून, काठावर इकडेतिकडे दुसरी वाट शोधून खेळाडू थकतो. काहींना वाटते खेळात बिघाड झाला. काही जण मागचा टप्पा पुन्हा सुरू करतात.

वास्तविक तेथे शोधायचे काहीच नसते. फळी नाही, होडी नाही, दोर नाही. व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला अडथळा दिसला की आसपासच्या वस्तू तपासायची सवय असते आणि येथे नेमकी तीच सवय आड येते.

अडकलेल्याला मदत करायची तर ती पायरीपायरीने करावी. प्रथम विचारावे, की आतापर्यंत हा मुलगा पाण्यापलीकडे कसा जात होता. एवढ्यावर पुष्कळांना उमगते. न उमगल्यास विचारावे, की तेव्हा पोहण्याचे काम कोणता हात करत होता. त्यानंतरही अडले, तर सरळ सांगावे : धाकट्याला उजव्या स्टिकने पाण्याच्या काठाशी न्यावे आणि थोरल्याची, म्हणजे डावी, कळ दाबून धरावी. ज्या कळीने इतका वेळ काही होत नव्हते, तिने आता होते. थोरल्याचा आवाज ऐकू येतो आणि धाकटा पाण्यात उतरतो. कळ दाबलेलीच ठेवायची आणि दिशा उजव्या हाताने द्यायची, की तो पैलतीराला लागतो.

पुढे एक जड दांडा येतो. एरवी तो ओढणे थोरल्याचे काम. धाकट्याच्या कळीने तो हलत नाही. येथे मात्र खेळाडू फारसा थांबत नाही. डाव्या हाताचे बोट आपणहून वळते, दांडा खाली येतो, वाट मोकळी होते आणि पाणी वडिलांपर्यंत पोहोचते. अखेरच्या दृश्यात बाप-लेक दोन थडग्यांपुढे आहेत. खेळाच्या आरंभी तेथे एकच होते.

अवघड आणि अन्याय्य

कथाप्रधान खेळांमध्ये खेळाडू अडकतो ही बाब जुनी आहे आणि तिच्यावरचे उपायही जुने आहेत. १९८० च्या दशकात ‘इन्फोकॉम’ ही अमेरिकी कंपनी आपल्या मजकुरावर चालणाऱ्या खेळांसाठी ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकत असे. त्यांत उत्तरे अदृश्य शाईने छापलेली असत. सोबतचे खास पेन फिरवले, की एकेक ओळ उमटे. आधी पुसट इशारा, मग थोडा स्पष्ट, अगदी शेवटी उत्तर. हवे तेवढेच वाचावे, ही सोय त्यामागे होती. आज बहुतेक मार्गदर्शकांत पहिल्याच वाक्यात उत्तर असते आणि मधल्या पायऱ्या गायब असतात. वेळ वाचतो, हे खरे.

अडवणूक न्याय्य की अन्याय्य, हा वादही तितकाच जुना. १९९६ च्या ‘ब्रोकन सोर्ड : द शॅडो ऑफ द टेम्पलर्स’ या ब्रिटिश खेळातील बोकडाचे कोडे त्याचे गाजलेले उदाहरण आहे. आयर्लंडमधील एका पडक्या किल्ल्यात दाव्याला बांधलेला बोकड नायकाला दर वेळी ढुशी मारून पाडतो. उत्तर असे, की पडल्यावर उठण्याच्या आत झटपट शेजारच्या जुन्या अवजाराकडे धाव घ्यायची, म्हणजे पाठलाग करणाऱ्या बोकडाचे दावे त्यात अडकते. आक्षेप असा, की तोवरच्या संपूर्ण खेळात चपळाईला काहीही किंमत नव्हती. सावकाश विचार करा, असे तासन्तास शिकवल्यावर एका ठिकाणी अचानक धावायला सांगितले गेले. २००९ च्या सुधारित आवृत्तीत हे कोडे सोपे करण्यात आले.

‘ब्रदर्स’मधील पाणी याच्या अगदी उलट्या टोकाला आहे. तेथे लागणारी प्रत्येक गोष्ट खेळाडूला आधी शिकवलेली असते, किंबहुना इतक्यांदा करवून घेतलेली असते की ती शिकवण होती हेच लक्षात राहत नाही. म्हणून उत्तर सापडल्यावर फसवले गेल्याची भावना येत नाही. कंट्रोलरची कळ भावनेशी बांधण्याचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. २००१ च्या जपानी ‘इको’मध्ये सोबतच्या मुलीचा हात धरण्यासाठी एक कळ सतत दाबून ठेवावी लागे आणि सोडली की हात सुटे. ‘ब्रदर्स’ने त्यापुढे जाऊन कळीचा मालकच नाहीसा केला आणि कळ तेवढी मागे ठेवली.

थोरल्याचे बळ धाकट्यात उतरले, हे वाक्य कथेत लिहिता येते, चित्रपटात अभिनयाने दाखवता येते. त्यासाठी वाचक किंवा प्रेक्षक असणे पुरते. येथे ते घडवून आणायला खेळाडू लागतो, आणि तोही असा, ज्याच्या डाव्या हाताने थोरल्याला तीन तास सांभाळले आहे. हाच भाग यूट्यूबवर पाहणाऱ्याला मुलगा पोहताना दिसतो. त्याच्यापर्यंत बाकी काही पोहोचत नाही, आणि त्यात पाहणाऱ्याचा दोष नाही.

याला मर्यादाही आहेत. काही खेळाडू वैतागून सगळ्या कळा एकदम दाबतात आणि धाकटा पोहू लागतो. का, ते त्यांना कळत नाही. रचना इतकी एका कळीवर उभी असल्यावर हे घडणारच. ज्यांना दोन्ही हात सारख्या सहजतेने वापरता येत नाहीत, त्यांच्यासाठी तर हा खेळ मुळातच कठीण आहे आणि शेवटचा परिणामही त्याच दोन हातांवर बेतलेला आहे. २०१९ मध्ये तो ‘निन्टेन्डो स्विच’वर आला. २०२४ मध्ये संपूर्ण नव्या चित्रांसह पुनर्निर्मित आवृत्ती निघाली, तीतही दोन व्यक्तींनी एकेक भाऊ घेऊन खेळण्याची सोय होती. दोघांनी बसून खेळण्याची मौज वेगळी, पण पहिल्यांदा खेळताना ती सोय टाळलेली बरी. पाण्याच्या काठावरचा प्रसंग एकाच माणसाच्या दोन हातांत घडावा, अशीच मूळ खेळाची बांधणी आहे. संगणकावर खेळणाऱ्यांनी त्याच कारणासाठी कीबोर्डऐवजी कंट्रोलर घ्यावा. शक्यतो एका बैठकीत, निदान एकाच आठवड्यात संपवावा. मध्ये महिनाभराचा खंड पडला तर हाताचे वळण मोडते, आणि मग काठावर आल्यावर डोके खाजवण्याखेरीज उपाय राहत नाही.

फारेस यांनी पुढे चित्रपटांपेक्षा खेळांचीच वाट धरली. त्यांच्या ‘हेझलाइट’ या संस्थेच्या ‘अ वे आउट’ (२०१८), ‘इट टेक्स टू’ (२०२१) आणि ‘स्प्लिट फिक्शन’ (२०२५) या तिन्ही खेळांना दोन माणसे लागतातच; एकट्याने ते सुरूच करता येत नाहीत. ‘इट टेक्स टू’ २०२१ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. त्यांची लांबी मोठी, खर्च मोठा, करामतीही अधिक. दोघांच्या दोन कंट्रोलरवर विभागलेल्या त्या खेळांत तुटणे-जुळणे पुष्कळ आहे, मात्र एका माणसाचा एक हात रिकामा पडण्याचा तो प्रकार पुन्हा करून पाहता येण्यासारखा नव्हता.

काठावर अडकून ज्यांनी आधीच खेळ सोडून दिला आहे, त्यांना सुरुवातीपासून खेळण्याची गरज नाही. सुरुवातीच्या यादीतून एखादा आधीचा, दोघे भाऊ असलेला भाग निवडावा, पाणी येईल तेथवर जावे आणि धाकट्याला पाठीवर घेऊन थोरल्याला एकदा पोहवावे. मग शेवटच्या भागाकडे वळावे.